हँडलवरचा फोन आणि मागं बसलेली मी

अहो,

काल बबनभाऊ येऊन गेले. तुम्ही गेल्याला आज तेवीस दिवस झाले. मी इद्दतला बसलेय. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. म्हणून ते ओट्यावर बसले, आपली निलू त्यांच्यासमोर, आणि मी पडद्याच्या आत. चहा घेतला त्यांनी. मग म्हणाले, "भाभी, एक गोष्ट सांगायची राह्यलीय. मिस्त्रींनी कुनाला बोलू नको म्हनून शपथ घातलीवती. पन आता मिस्त्रीच ऱ्हायलं न्हाईत, ती कुनासाठी पाळू?"

त्यांनी जे सांगितलं ते ऐकल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. आज पहाटेची नमाज पढताना दोनदा चुकले. मी रडत नाही म्हणून निलूला काळजी वाटतेय, आजारी पडेन म्हणते. मी रडत नाही, कारण मला तुमच्याशी भांडायचंय, आणि भांडताना मला रडू येत नाही हे तुम्हाला माहीत आहे.

मोबाइलच्या होल्डरवरून नवरा-बायकोनं आठ महिने अबोला धरला, असं कोणाला सांगितलं तर लोक हसतील. घरात आपण बोलत होतोच. दळण आणलं का, निलूचा फोन आला का, पाणी कधी सुटणार, सगळं चालू होतं. अबोला होता तो फक्त मोटरसायकलवरचा. पण आपलं खरं बोलणं तिथंच तर व्हायचं.

निलू नोकरीला लागून पुण्याजवळ जांब्यात खोली घेऊन राहायला गेली आणि घर खायला उठलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, चल, दर्या बघून येऊ." मी भरे गावच्या शाळेत शिकवते म्हणून सगळे मला बाई म्हणतात, तसं तुम्हीही म्हणायचात. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि आपण दोघांनी मिळून समुद्र पाहिला नव्हता. मग शाळेला सुट्टी लागली की आपण निघायला लागलो. श्रीवर्धन, मुरुड, हर्णै. दर सुट्टीला एक बंदर.

मुळशी तालुक्यात तुम्हाला कधी रस्ता विचारावा लागला नाही. इथल्या निम्म्या विहिरींवरच्या मोटारी पौडातल्या तुमच्या दुकानात दुरुस्तीला येऊन तुमच्या हाताखालून गेलेल्या. कुठल्या वाडीला कुठून वळायचं ते तुम्ही मोटारींवरून सांगायचात. "तीन एचपीची ती हिरवी मोटार हाय न्हवं, तिथनं उजवीकडं." पण ताम्हिणीचा घाट उतरून माणगावच्या बाजूला लागलो की तुम्ही आंधळे. तिथून पुढं मी. नकाशा लावलेला फोन माझ्या हातात, ओढणी कमरेला खोचलेली, पावसाळ्यात फोनवर दुधाची पिशवी. घाटात रेंज जाते म्हणून वळणं आदल्या दिवशीच वहीत उतरवून घेतलेली. मी एकाच अंगाला दोन्ही पाय सोडून बसायचे, तोंड डावीकडं, त्यामुळे माझं तोंड सरळ तुमच्या डाव्या कानाशी यायचं. "पुढं पूल आहे, पुलानंतर डावीकडं." तुम्ही मान हलवायचात.

दोन वळणांच्या मधे मी इतर काय काय बोलत असे. मुख्याध्यापकांच्या तक्रारी, माझ्या बहिणीच्या सासूचे किस्से, लहानपणीचं काहीबाही. घरात जे बोलायला सुचायचं नाही ते तिथं सुचायचं. तुमचा चेहरा दिसत नसे, म्हणून असेल. तुम्ही जास्त बोलायचा नाहीत, पण हसलात की पाठ हलायची.

मग तुम्ही वळणं चुकायला लागलात.

सुरुवातीला एखादं. मी एकदा सांगे, दोनदा सांगे, तिसऱ्यांदा ओरडून. तुम्ही म्हणायचात, "नवीन हेल्मेट हाय, वारं लई घुमतं." एकदा म्हणालात, "तू अशी एका अंगाला काय बसतीस? दोन्हीकडं पाय टाकून बस की, पोरी बसत्यात तशी." मी म्हणाले, "या वयात? पौडच्या बाजारातून? शाळेतली मुलं बघतील ना." तुम्ही हसलात आणि तो विषय सोडून दिलात. मी ती थट्टा समजले. दोन्हीकडं पाय टाकून बसले असते तर माझं तोंड उजव्या बाजूलाही येऊ शकलं असतं, हे मला काल समजलं.

त्यानंतर होल्डरचं खूळ निघालं. फोन हँडललाच लावायचा, म्हणजे मला धरायला नको आणि सांगायलाही नको. पहिला तुम्ही आठवडी बाजारातून आणलात. रबराची जाळी, चार कोपऱ्यांना अडकवायची. घाट उतरल्यावरच्या पहिल्याच गतिरोधकावर फोन उडाला आणि रस्त्याकडेच्या गटारात पडला. काच फुटली होती, पण आतली बाई शांतपणे सांगत होती, सातशे मीटरवर उजवीकडे वळा. मी कठड्यावर बसून पोट धरून हसले. म्हणाले, "बघा, मीच बरी होते का नाही? मी कधी गटारात पडले का?"

तुम्ही हसला नाहीत. फोन सदऱ्याला पुसत उभे राहिलात आणि म्हणालात, "चांगल्यातला बघायला पायजे." मला वाटलं, फोन फुटल्याचं वाईट वाटतंय.

जांब्याचा प्रसंग त्यानंतर महिनाभरानं घडला. निलूला रविवारी डबा द्यायला चाललो होतो. तिकडं रोज एक नवी इमारत उठते, सगळ्या गल्ल्या एकसारख्या, आणि मागच्या खेपेचा रस्ता या खेपेला खणून ठेवलेला. मी म्हणाले, डावीकडं घ्या. तुम्ही सरळ. मी म्हणाले, अहो डावीकडं, डावीकडं! तुम्ही सरळच. मग मी तुमच्या खांद्यावर जोरात थाप मारली. तुम्ही दचकलात, एकदम ब्रेक मारलात आणि गाडी नको तिकडं, उजवीकडं वळवलीत. मागून सिमेंट कालवणारी मोठी गाडी येत होती. तिचा हॉर्न केव्हाचा वाजत होता. ती आपल्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिच्या चाकाच्या रबराचा वास मला अजून आठवतो. ड्रायव्हर खाली वाकून ओरडला, "मरना है क्या चाचा? इतना हॉर्न मारा, बहरे हो क्या?"

बघा, त्या परक्या माणसाला एका मिनिटात जे दिसलं ते मला दिसलं नाही.

रस्त्याच्या कडेला गाडी लावून तुम्ही हेल्मेट काढलंत.   मी म्हणाले, "कुठं लक्ष असतं तुमचं? मी काय भिंतीशी बोलते का?"

तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. "तू आता मागनं बोलत जाऊ नकोस. माझं ध्यान जातं."

"इतकी वर्षं बोलतेय. आत्ताच ध्यान जायला लागलं?"

"व्हय. आत्ताच. मी होल्डर लावतो चांगला, त्यात बघून जातो. तू गप बस."

गप बस. असं तुम्ही मला आधी कधी म्हणाला नव्हतात. निलूच्या खोलीवर डबा दिला, तिनं विचारलं, अम्मी काय झालं, मी म्हणाले, काही नाही, ऊन लागलं. परत येताना मी एक शब्द बोलले नाही. तुम्ही तीन ठिकाणी चुकलात. मला दिसत होतं, पण मी गप्प बसले. गप बस म्हणालात ना?

पुढचे पंधरा दिवस दुकानात तुमचं एकच चाललं होतं. आरशाच्या दांड्याला लावायचा एक आणलात, तो आरशासकट थरथरायचा. त्या थरथरीनं फोनचा कॅमेरा बिघडला, निलूचे फोटो धुरकट यायला लागले. एक पिशवीचा आणलात, पावसासाठी चेन लावलेला, त्यात उन्हाची तिरीप आली की नुसतं आपलंच तोंड दिसायचं आणि बोटानं काही चालायचं नाही. शेवटी बबनभाऊंच्या दुकानातून धातूचा आणलात, चारी बाजूंनी पकडणारा, खाली रबराच्या गाद्या बसवलेला. बबनभाऊ तुमच्या लहानपणापासूनचे दोस्त, घरात शेळ्या-मेंढ्या, आणि पिरंगुटच्या रस्त्याला त्यांचं सीट-कव्हरचं दुकान. त्यांच्या शब्दावर तुम्ही आंधळा विश्वास ठेवाल असं मला वाटलं होतं, पण नाही. तो होल्डर तुम्ही दुरुस्तीला आलेल्या एका पाच एचपीच्या मोटारीच्या अंगाला आवळलात, निलूचा जुना बंद पडलेला फोन त्यात बसवलात आणि मोटार अख्खी दुपार चालू ठेवलीत. मी शाळेतून येताना दुकानात डोकावले तर तुम्ही स्टुलावर बसून त्या फोनकडं एकटक बघत होतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतात, "हलला न्हाई बघ. सूतभर हलला न्हाई."

मी दारातूनच परत फिरले. माझ्या मनात आलं, या माणसाला माझा आवाज इतका नकोसा झाला की त्यासाठी अख्खी दुपार मोटार चालवतोय.

मोटार बिघडली की तुम्ही स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचात आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचात. "बेअरिंग गेलंय" म्हणायचात आणि उघडल्यावर बेअरिंगच गेलेलं असायचं. त्यासाठी लांबलांबून लोक यायचे. मी आता डोळ्यांसमोर आणून बघते. आधी तुम्ही मूठ डाव्या कानाला लावायचात, कारण उजव्या हातात पाना असायचा. शेवटची दोन वर्षं तुम्ही पाना डाव्या हातात घ्यायला लागला होतात. फोन उजव्या कानाला. जेवताना माझ्या डाव्या बाजूला बसायला लागलात, वर्षानुवर्षाची जागा बदलून, म्हणालात, पंख्याचं वारं लागतं. उजव्या कुशीवर झोपलात की हाक मारून उठायचा नाहीत, आणि मी म्हणायचे, काय झोप आहे माणसाची.

आणि मी कोण? मी मास्तरीण. मागच्याच्या मागच्या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी पहिल्या बाकावर बसून मान एका बाजूला वळवून ऐकायची. आठ दिवसांत माझ्या लक्षात आलं. तिच्या आईला बोलावून म्हणाले, हिचा कान तपासून घ्या. सगळ्या शाळेनं माझं कौतुक केलं. घरी येऊन ते तुम्हालाही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "लई बारीक नजर हाय बाईंची." तेव्हा तुम्ही माझ्या कोणत्या बाजूला बसला होतात, ते मी कालपासून आठवायचा प्रयत्न करतेय.

मग आपण दिवेआगरला गेलो. नव्या होल्डरची पहिली मोठी सफर. फोन तुमच्या पुढ्यात झळकत होता आणि मी मागं हाताची घडी घालून बसले होते. तुम्ही एकही वळण चुकला नाहीत. खरं सांगू? मी मनातल्या मनात मागत होते, एक तरी चुकू दे. माणगावच्या पुढं चहाला थांबलो, तुम्ही म्हणालात, "कसा हाय होल्डर? हलतो का?" मी म्हणाले, "मला काय माहीत." किनाऱ्यावर संध्याकाळ होती, भरती यायला लागली होती, तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहिलात. मी सुक्या वाळूवर.  मग तुम्ही मागं येऊन बसलात आणि म्हणालात, "काहीतरी बोल की."

मी म्हणाले, "ध्यान जाईल तुमचं."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. काहीतरी सांगायच्या बेतात होतात, मला आज शंभर टक्के वाटतं. तोंड उघडलं होतंत. आणि मी उठून सुरूच्या झाडांकडं चालायला लागले. मुद्दाम.

त्यानंतर आपण तीन-चार ठिकाणी गेलो असू. सगळीकडं तसंच.

श्रावण संपता संपता दुकानात तुम्हाला चक्कर आली. तुम्ही म्हणालात पित्त असेल. दुसऱ्यांदा आली तेव्हा भिंत धरूनही उभं राहता येईना. निलूनं सुट्टी काढून तुम्हाला पुण्याला नेलं, मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर तरुण होता, नीट समजावून सांगत होता. कानाच्या मज्जातंतूवर गाठ आहे. कर्करोगाची नाही. सावकाश वाढते. पण आता मोठी झालीय आणि मेंदूला दाबतेय, काढावीच लागेल. मग त्यानं विचारलं, "या कानानं कमी कधीपासून ऐकू येतंय?"

मी म्हणाले, "यांना ऐकू येतं की."

तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "सहा म्हैनं झालं असतील."

डॉक्टरनं कागदावर लिहून घेतलं. मी तुमच्याकडं बघत राहिले. सहा महिने. मी हिशेब केला, जांब्याचा प्रसंग त्याच्याही आधीचा. म्हणजे तेव्हा कान चांगला होता, आणि गप बस म्हणालात ते खरंच माझ्या बोलण्याला कंटाळून. अशा वेळीसुद्धा माझं मन तेच धरून बसलं होतं. तुमच्या डोक्यात गाठ आणि मी माझ्या अपमानाची तारीख तपासतेय.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी निलू खाली औषधं आणायला गेली होती. तुम्ही खाटेवर बसला होतात, डोक्याचे केस काढलेले, लहान दिसत होतात. मी डाव्या बाजूच्या खुर्चीत बसले तर म्हणालात, "हिकडं ये. उजवीकडं बस." मी खुर्ची ओढून आले. "बरा झालो का दिवेआगरला परत जाऊ. त्या बारीला दर्या नीट बघितलाच न्हाई."

मी म्हणाले, "आधी बरे व्हा."

एवढंच. माझ्या ओठांवर होतं की त्या वेळी मी मुद्दाम गप्प होते. की मला तुमच्या शेजारी पाण्यात यायचं होतं. तेवढ्यात नर्स सहीचा कागद घेऊन आली, मग निलू आली, मग तुम्ही जेवलात. मी म्हटलं, घरी आल्यावर बोलू. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, पण आत रक्तस्राव झाला आणि तुम्ही डोळे उघडले नाहीत. सहाव्या दिवशी आम्ही तुम्हाला घरी आणलं.

आता काल.

बबनभाऊ म्हणाले, "भाभी, मिस्त्री होल्डर घ्यायला आलं तवा मी म्हनलं, कशाला ह्याच्या नादी लागताय? बिनवायरचं बोंडूक येतं, त्ये कानात घाला, रस्ता आपोआप ऐकू येतो.  तर म्हनले, बबन, माझा डावा कान गेला. पार गेला. ऱ्हायला उजवा. त्यात बोंडूक घातलं तर मागनं गाडी आलेली मला कशी कळंल? आता मला डोळ्यानंच गाडी चालवायची हाय. असा होल्डर दे का नजर खाली न जाता दिसंल."

मी पडद्याच्या आतून विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"मी बी तेच म्हनलं. म्हनलं, भाभींना सांगा. तर म्हनले, तिला सांगितलं तर ती गाडीवर बसायची न्हाई आन मला बी बसू देयाची न्हाई. मंग आमी जायाचं कसं? आन पौडात कळलं तर भैऱ्या मिस्त्रीकडं मोटार कोन टाकंल?" मग भांडं ठेवल्याचा आवाज आला. निलूनं पाणी दिलं असावं. "आन म्हनले, तिला वाटतंय मला तिचा आवाज नगो झालाय. वाटू दे. रुसंल, पन भ्यायची न्हाई."

त्यांनी निलूच्या हातात एक घडी केलेला कागद दिला. तुम्ही तो त्यांच्या गल्ल्याच्या खणात ठेवायला दिला होतात, घरात मला सापडू नये म्हणून. निलूनं वाचला. अडीच वर्षांपूर्वीचा. पुण्यातल्या कानाच्या डॉक्टरकडं तुम्ही एकटेच जाऊन आला होतात. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की डोक्याचा फोटो लवकर काढून घ्यावा.

"मला विंग्रजी येत न्हाई भाभी," बबनभाऊ म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "ठिवायला दिली तवा नुसता कान दुखतो म्हनले, मला वाटलं कानात घालायच्या थेंबाची चिठ्ठी आसंल. अडीच वरीस माझ्या खणात पडलीवती. एकाला जरी दावली आसती..."

एवढा दांडगा माणूस ओट्यावर हमसून हमसून रडला. निलू त्यांना काका, काका म्हणत होती. मला बाहेर जाता येत नव्हतं. मी आतूनच म्हणाले, "भाऊ, तुमची काही चूक नाही." ते मी मनापासून म्हणाले. त्यांची नाहीच.

पण तुमची आहे. मी आज स्पष्ट बोलणार आहे. दुकानाची अब्रू मला समजते. भीतीही समजते. पण मला भीती नको, रुसवा चालेल, हे माझ्या वतीनं तुम्ही कसं ठरवलंत? मी भ्याले असते, हो. गाडीवर बसू दिलं नसतं, तेही खरं. तुमच्या मागं लागून तो फोटो काढायला लावला असता. समुद्र राहिला असता. एसटीनं गेलो असतो. तुम्हाला एसटी लागते, खिडकीशी बसून उलट्या करत गेला असतात, पण गेला असतात.

आणि दुसरीकडून मलाच विचारते. रेहाना, तू एकदा तरी सरळ विचारलंस का, की अहो, तुम्हाला ऐकू येतं ना? नाही विचारलं. कारण मला उत्तर आधीच माहीत होतं. मीच शिकवते ना मुलांना, उत्तर माहीत असलं तरी प्रश्न नीट वाचा म्हणून.

ती दोन वर्षं तुम्ही काय काय ऐकलं नसेल. मी मागून काय काय सांगितलं होतं, अब्बांच्या शेवटच्या दिवसांचं, जे कोणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही मान हलवत होतात. ते तुमच्यापर्यंत गेलंच नाही की थोडंफार गेलं, हे आता कोण सांगणार?

तुम्हाला न्यायच्या वेळचं एक सांगायचं राहिलं. अंघोळ घालून, कफन करून तुम्हाला मधल्या खोलीत ठेवलं होतं. बाहेर माणसं थांबली होती, शेतातून, कंपन्यांतून रजा टाकून आलेली, ऊन चढलं होतं. तुमच्या थोरल्या बहिणीनं, आपांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "कहा-सुना माफ कर ग त्याला. म्हण, माफ केलं." सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, "माफ केलं."

तेव्हा मला काय माफ करतेय हेच माहीत नव्हतं. माणसं उन्हात उभी होती म्हणून म्हणाले. आज कोणी विचारलं तर मी वेगवेगळं सांगेन. कान लपवलात ते माफ. दुकानासाठी लपवलात तेही माफ. डॉक्टरचा कागद दडवलात, त्याला वेळ लागेल. आणि मी दुखावलेय हे ठाऊक असताना, "वाटू दे" म्हणून आठ महिने मला तसंच मागं बसवून नेलंत, ते अजून नाही. मी प्रयत्न करतेय. खोटं सांगणार नाही.

पण माझ्यासाठी तुमच्याकडं माफी मागायला कोणी थांबलं नाही. तशी पद्धतच नाही. गेलेल्या माणसाला कोण विचारतं? चौघांनी जनाजा खांद्यावर घेतला, मी उंबऱ्याच्या आत उभी होते, आणि मला जे म्हणायचं होतं ते तोंडातून निघालं नाही. बायका होत्या, आपा होत्या, म्हणून निघालं नाही.

आता घरात कोणी नाही. निलू दुकानाची किल्ली बबनभाऊंना द्यायला गेलीय. म्हणून मोठ्यानं म्हणते आणि लिहितेही. मी मुद्दाम गप्प बसले होते. मला बोलायचं होतं. मला माफ करा.